बर्फाकाठची खास जागा

"ही मान्यवरांची जागा आहे, पोरी. तू तिकडे बाकावर बस," संघटनेचे अध्यक्षसाहेब काचेच्या खोलीतून हेल्मेटवाल्या केतकीला म्हणाले.

मुलींच्या आइस हॉकीची ती दुसऱ्या श्रेणीची आशियाई स्पर्धा होती. बर्फाला खेटून वेगळा बाक आणि पुढे काच दिसताच साहेबांनी ती जागा आपलीच मानली होती. प्रत्यक्षात तिथे नियम मोडणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटं शिक्षा म्हणून बसवतात, आणि आता पाळी केतकीची होती. सामना संपत आला होता, भारत एका गोलने पुढे होता, हरला तर खालच्या श्रेणीत जाणार होता. केतकीला आत जाता येईना, तसा वेळ दवडल्याबद्दल पंच आणखी एकीला बाहेर काढायच्या बेतात होता.

संघाच्या व्यवस्थापक वत्सलाताई धावल्या. खो-खोच्या दिवसांपासून त्यांनी असे पुष्कळ अध्यक्ष पाहिले होते. एक जण तर मैदानातच खुर्ची टाकून बसले होते आणि पोरी त्यांना वळसा घालून पळाल्या होत्या. खरं कारण सांगून त्यांतला एकही कधी उठला नव्हता.

"साहेब, टीव्हीवाले बाहेर तुमची वाट बघतायत," ताई म्हणाल्या.

साहेबांनी टाय सारखा केला आणि ते लगबगीने निघाले. केतकी आत बसली. उरलेल्या मुलींनी जिवाच्या आकांताने गोल राखला आणि भारत जिंकला.

साहेब तणतणत परतले. "बाहेर तर कुणीच नाही."

"येतील, साहेब," ताई म्हणाल्या. "पोरी जिंकल्या की मीही दर वेळी टीव्हीवाल्यांची वाट बघते. चाळीस वर्षं झाली."