रविवारावर क्लोरीनचा उतारा

घरामागच्या स्विमिंग पूलचं पाणी शुद्ध करणारं जुनं यंत्र बंद पडलं आणि वहिनीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. दर रविवारी नणंदबाई पोरांची पलटण घेऊन सकाळीच पूलवर तळ ठोकायच्या, त्या अंधार पडला तरी हलायचं नाव घेत नसत. वहिनीला फक्त एक रविवार हवा होता, अंथरुणात लोळायला.

दुकानदाराने मिठावर चालणारं यंत्र पुढे केलं. "जुन्यासारखंच आहे, ताई. वास नाही, डोळ्यांना त्रास नाही, केसही मऊ राहतात."

"आणि नाकात जाणारं, डोळे चुरचुरवणारं काही?"

"त्या साध्या क्लोरीनच्या गोळ्या. पण त्या हल्ली कोण मागतं?"

"मी मागतेय ना!"

"अगं, पण आमच्या ताईची पोरं..." सोबत आलेला नवरा पुटपुटला.

"त्यांच्या आरोग्यासाठीच घेतेय," वहिनी म्हणाली आणि गोळ्यांचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून निघाली.

रविवारी नणंदबाई आल्या. फाटकातच थबकल्या. नाक वर करून त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि पोरांना तिथेच थांबवलं. खिडकीतून बघणाऱ्या वहिनीने पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

नणंदबाईंनी फोन काढून नवऱ्याला लावला.



"अहो, बिनवासाच्या पाण्यात औषधच नसतं म्हणून तुम्ही कधी यायचा नाहीत ना? आज फाटकापर्यंत वास येतोय! सासूबाईंना, भावजींना, सगळ्यांना घेऊन या!"