राहिलेली दहा पानं

“मास्तर, आज वाचायच्या आधी एक बोलायचं हाय,” शांतवन म्हणाला. “दयाबद्दल.”

दानीएल मास्तरांनी पुस्तक उघडलं होतं, ते तसंच मांडीवर राहिलं. ओट्यावर त्यांची बायको रेबेकाबाई सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होती, तिचा हात थांबला. आत लेकीचं, दयाचं, शिलाई मशीन चालू होतं, तेही बंद पडलं. म्हणजे पोरीला आधीपासून ठाऊक होतं तर! रेबेकाबाईला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पोरगा गुणाचा. मास्तरांच्याच हाताखाली शिकून मास्तर झालेला, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.

दीड महिना झाला, शाळा सुटली की तो ह्याच पायरीवर येऊन बसायचा. नगरच्या रद्दीवाल्याकडून मास्तरांनी ते इंग्रजी पुस्तक आणलं होतं. वरचं पान फाटलेलं, आत कुणा मडमेची सही. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईनं आपलं लहानपण त्यात लिहिलं होतं. मास्तर वाचून मराठीत सांगायचे, अडलेला शब्द शांतवन कोशात बघायचा. रेबेकाबाईला अक्षरओळख नव्हती, पण कान पक्के. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, शाळा वेगळी, देऊळसुद्धा वेगळं, हे ऐकून पहिले चार दिवस ती ते गाव पाथर्डीकडचंच समजत होती.

“अमेरिकेत?” कळल्यावर ती म्हणाली होती. “आन् आपल्याला मिलो धाडत्यात ती हीच लोकं का?”

सगळ्यात जास्त ती रडली पुस्तकातल्या त्या पोरीच्या धाकट्या भावासाठी. लेकरू तापानं फणफणलेलं, आणि गोरे रोगी संपेपर्यंत आई त्याला घेऊन दवाखान्याच्या मागल्या दाराशी बसलेली. डॉक्टर स्वभावानं गरीब. बाहेर आला, लेकराच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, माझ्या मनात काही नाही बाई, पण लोकांचं बघावं लागतं, अजून वेळ आलेली नाही. लेकरू तिथंच गेलं. त्या दिवशी मास्तरांनी पुस्तक ओट्यावर आपटलं होतं. “तुझ्या वेळेच्या बैलाला!” असं ख्रिस्ती मंडळीचे पंच असूनही ते ओरडले होते, आणि मग उपरण्यात तोंड घालून रडले होते.

“बोल,” आता मास्तर म्हणाले.

शांतवन बोलला. अडखळत, पण दयाशी लग्न करायचंय इथपर्यंत सगळं बोलला.

त्याच्या आणि दयाच्या आजोबांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच मिशनरी साहेबाच्या हातून झाला होता. फक्त दयाचा आजा महारवाड्यातून आला होता आणि शांतवनचा मांगवाड्यातून. तीन पिढ्या झाल्या. प्रभू एक झाला, बाकं मात्र दोन राहिली. देवळात महारवाड्याचे उजवीकडं बसायचे, मांगवाड्याचे डावीकडं. प्रभुभोजनाचा पेला उजवीकडून निघायचा आणि मग डावीकडं जायचा. असं कुणी ठरवलेलं आठवत नव्हतं, पण पेला चुकूनही कधी डावीकडून निघाला नव्हता. तो फिरवायचे खुद्द दानीएल मास्तर.

“शांतवन,” मास्तर म्हणाले. आवाज अगदी मऊ. “तुझ्यात खोट नाही बाबा. माझ्या मनात तर काहीच नाही. पण भाऊबंद आहेत, बहिणीच्या दोन पोरी उजवायच्या राहिल्यात. लोकांचं बघावं लागतं. अजून वेळ आलेली नाही रे.”

रेबेकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. हे शब्द तिनं ह्याच ओट्यावर, ह्याच तोंडून ऐकले होते. मास्तरांच्या ध्यानातही आलं नव्हतं. शांतवनच्या आलं होतं. मान खाली घालून तो नुसता हसला, आणि ते हसू बघून तिला रडू आवरेना.

“व्हय मास्तर,” तो उठला. “येतो मी.”

“थांब.” मास्तरांनी पुस्तक दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. “हे तू ठेव. तुझ्याइतकं कुणाला कळणार? मी तुला दुसरं काय देऊ?”

“धा पानं राह्यलीत तुमची. वाचून तरी घ्या.”

“असू दे. घेऊन जा.”

त्यानं घेतलं. लहानपणापासून मास्तरांनी दिलेलं कधी नाकारलं नव्हतं, आजही नाकारता आलं नाही. चावडीजवळच्या बाभळीपर्यंत तो दिसत राहिला, पुस्तक काखेत धरलेलं. मग वळला.

“अव्हो,” रेबेकाबाई डोळे पुसत म्हणाली, “त्यो डाक्टर आटावतो का? मागल्या दारचा?”

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. काच लख्ख झाली तरी पुसतच बसले.

दया बाहेर आली. डोळे कोरडे ठाक. बापाकडं न बघता ती आईसमोर बसली, सूप मधे ओढलं आणि खडे वेचायला लागली. रेबेकाबाईला तिला काय बोलावं सुचेना. आपणही तोंड उघडलं नाही, नुसतं रडत बसलो, हे तिला खात होतं.

“त्या पुस्तकातल्या पोरीचं शेवटी काय झालं आसंल गं?” काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली. “आता आपल्याला कुठलं कळायला.”

“काय व्हायचं, आई?” दयानं एक खडा अंगणात फेकला. “गेली आसंल घर सोडून.”

रेबेकाबाईनं मिलोत हात घालून लेकीचं मनगट घट्ट धरलं.