वस्त्रगाळ

"डोळे मिटायचे आणि मग बोलायचं," मालक म्हणाले. "बघून काय, कुणीही सांगेल."

मुलीने डोळे मिटले. टेबलावर तीन वाट्या होत्या, तीन चक्क्यांतून आत्ताच काढून आणलेल्या दगडाच्या भुकटीच्या. शेजारी तिचा बाप उभा होता, नाकातोंडाला फडकं बांधून. गिरणीत त्याला सगळे पारखी म्हणत. तो चिमूट बोटांत चोळायचा आणि एकच शब्द बोलायचा. त्या शब्दावर पोती शिवली जायची, नाहीतर माल पुन्हा दळायला जायचा. वर्षभर खोकल्याने त्याचा पिच्छा पुरवला होता. पण बदली माणूस दिल्याशिवाय मालक सोडत नव्हते, आणि काम सुटलं की गिरणीची खोलीही सुटणार होती. घरातलं कुणी पारखी झालं, तरच खोली राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"रवाळ," मुलगी म्हणाली. दुसऱ्या वाटीला, "पिठूळ."

तिसरी चिमूट तिने बराच वेळ चोळली. "वस्त्रगाळ. पण मध्येच कण लागतोय. चाळणी कुठेतरी फाटली असेल."

बापाला तोच कण सकाळी लागला होता, तोही चौथ्या चिमटीला. त्याचा ऊर भरून आला, पण तिच्या पाठीकडे नेलेला हात त्याने मागे घेतला. याच टेबलाशी त्याच्याही बापाने एकदा त्याची पाठ थोपटली होती.

"वस्त्रगाळ म्हणजे काय, ते तरी ठाऊक आहे का गं?" मालक हसले.

"बोटांत असतं, पण आहे असं वाटत नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली. "फडक्यातून गाळलं तर फडकं त्याला अडवत नाही. सगळं पलीकडे जातं."

"काय पारखी? बरोबर?"

साऱ्या गिरणीत हे सांगू शकेल असा तो एकटाच होता.

"कसलं बरोबर! तिन्ही चूक," तो म्हणाला. "बोटं आहेत की लाकडं! हिच्या भरवशावर राहिलात तर पोतीच्या पोती परत येतील."

मुलीने डोळे उघडले. कुणी थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला.

"मग तुलाच येत राहावं लागेल, पारखी," मालक उठत म्हणाले.

"येतो की. मला काय धाड भरलीय?"

फाटकापाशी त्याने तिची बोटं आपल्या सदऱ्याला पुसली, एकेक करून.

"बाबा, चाळणी फाटलीय. खरं सांगा."

"फाटलीय. आता जाऊन बदलतो."

"मग खोटं का बोललात?"

"घरी जा. हात स्वच्छ धू. आणि इकडे पुन्हा फिरकू नकोस."

त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने फडकं सोडलं, झटकलं आणि उलटं करून पुन्हा बांधायला घेतलं. तेव्हा तिला दिसलं. फडक्याची आतली बाजूही भुकटीने बाहेरच्याइतकीच पांढरी झाली होती.