अनुभवाला पर्याय नाही

"साहेब, आपलीच पोरं तयार आहेत. संधीच दिली नाही, तर शिकणार कशी?" फुटबॉल क्लबच्या बैठकीत प्रशिक्षकांनी पुन्हा तेच टुमणं लावलं.

"हा क्लब आहे, बालवाडी नाही," अध्यक्ष म्हणाले. "अनुभवाला पर्याय नाही."

आणि त्यांनी बाहेरून एक नावाजलेला स्ट्रायकर विकत आणला. गड्याचा अनुभव एवढा दांडगा, की चेंडू कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं, आणि आपण तिथवर काही पोहोचत नाही, हेही. पोरं बाकावर बसून त्याच्या गुडघ्यावरचा बर्फ बदलत राहिली. क्लब गुणतक्त्यात तळाला गेला.

खापर अर्थातच प्रशिक्षकांच्या डोक्यावर फुटलं. ते चेंजिंग रूममधलं आपलं कपाट रिकामं करत होते, तेवढ्यात अध्यक्ष नव्या प्रशिक्षकांना घेऊन आले. बघतात तर अध्यक्षांचेच धाकटे जावई. जावईबापूंनी खुंटीवरची शिट्टी घेतली आणि उलट्या बाजूने फुंकून पाहिली.

प्रशिक्षकांनी नुसतं अध्यक्षांकडे पाहिलं.

 

"असं काय बघताय?" अध्यक्ष म्हणाले. "संधीच दिली नाही, तर शिकणार कसे?"