कपाची चौकट

छातीत बसवायच्या यंत्राची चाचणी रोग्यानं स्वतः पाहायची आणि मगच सही करायची, असा नियम होता. चाचण्या आता चित्रांच्या भाषेत लिहीत, त्यामुळे त्या कुणालाही वाचता येत. रमाकांत तांबटांचं ऑपरेशन उद्या होतं. ते पडद्यासमोर बसले होते. चाचणीच्या दहा चौकटींपैकी नऊ हिरव्या झाल्या. दहावीत चहाच्या कपाचं चित्र होतं.

"ही राहू दे, काका. वीस मिनिटं नुसतं थांबायचं असतं," तंत्रज्ञ शबनम म्हणाली. "कुणा चहाबाजानं काढलीय कोण जाणे!"

"माझ्या बायकोनं," रमाकांत म्हणाले. "ही भाषा बनवणाऱ्यांत ती होती. आमचा रेडिओ तापलेला असला की वाजायचा, निवला की गप्प. म्हणून या कपाचा अर्थ, यंत्र निवू द्यायचं आणि परत तपासायचं. आणि चहाबाज कसली! तिचा कप कामापायी रोज गार व्हायचा. मी रोज बोलायचो तिला. आता दोन वर्षं झाली तिला जाऊन."

शबनम ओशाळली. दोघं थांबली. यंत्र निवलं आणि कपाची चौकट लाल झाली. आतला एक सांधा सुटला होता.

"हे उद्या तुमच्या छातीत गेलं असतं, काका," शबनम हळूच म्हणाली. तिनं दुसरं यंत्र लावलं.

पुन्हा नऊ हिरव्या, पुन्हा कप. रमाकांतांनी दोन चहा मागवले. शबनमनं आपला संपवला. त्यांनी स्वतःच्या कपाला हात लावला नाही. दहावी चौकट हिरवी झाली, तेव्हा त्यांनी तो गार चहा सायीसकट पिऊन टाकला आणि सही केली.