डोळे मिटा, काका!

"काका, आधी डोळे मिटा," सुतार म्हणाला. "आणि भिंतीकडे तोंड करा."

झेरॉक्सवाल्या काकांनी मुकाट्याने दोन्ही केलं. तीस वर्षांत त्यांनी जन्माचे दाखले काढून दिले होते, भाऊबंदकीचे अर्ज काढून दिले होते, एकदा तर कुणाचं प्रेमपत्रही. पण तोंडाला रुमाल गुंडाळून आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"पावतीवर नाव काय घालू?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"नाव नको. पावतीही नको."

सुताराने शर्टाच्या आतून एक जाड कागद काढला. कागदावर पाळणा होता. चार बोल्ट फिरवले की पाळण्याचं अभ्यासाचं टेबल, आणखी दोन फिरवले की बसायचा बाक. अठरा वर्षं लोकांची दारं-खिडक्या करण्यात गेल्यावर हे एक त्याच्या स्वतःच्या डोक्यातून निघालं होतं.

खरं तर दुसरं. पहिलं होतं घडीचं स्टूल. ते त्याने आनंदाच्या भरात साडूला दाखवलं. साडूही सुतारच, दुकान याच बाजारात, त्याच्या दुकानापासून चार पावलांवर. पंधरा दिवसांत तसलीच बारा स्टुलं साडूच्या दुकानात मांडलेली दिसली. त्यातल्या एकावर साडू पायावर पाय टाकून बसला होता आणि वर म्हणत होता, "बसा की, संकोच कसला? तुमचंच आहे!"

तेव्हापासून सुताराने कानाला खडा लावला. यंदा बायकोलाही ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला सांगितलं म्हणजे मेहुणीला कळलं आणि मेहुणीला कळलं म्हणजे साडूने करवत हातात घेतलीच. कागदावर त्याने नाव घातलं नाही, पत्ता घातला नाही. ओळखीचा झेरॉक्सवाला टाळून बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला आला. एक सवय मात्र सुटली नाही. काहीही काढलं तरी पायांच्या टोकाला तो घोड्याचे खूर काढायचा. त्याशिवाय त्याला चित्र पुरं झाल्यासारखं वाटतच नसे.

अकरा वाजता फर्निचरच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी बोलावलं होतं. त्यांना पसंत पडलं तर घराघरात पाळणा जाणार होता आणि प्रत्येकाच्या बुडाशी सुताराचं नाव कोरलेलं असणार होतं. नुसत्या विचारानेच त्याचा ऊर भरून येत होता.

स्वतःच्या दुकानातल्या कामाच्या बाकावर पसरावा तसा त्याने कागद यंत्राच्या काचेवर पसरला. हाताने सुरकुती सारखी केली. झाकण लावलं. "हं, दाबा बटण. डोळे न उघडता!"

काकांनी चाचपडत बटण दाबलं. दोन प्रती गरमागरम, पालथ्या बाहेर आल्या. तेवढ्यात एक बाई दुकानात शिरल्या. सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने प्रती न बघताच पाकिटात कोंबल्या, पाकिटाला डिंक फासला, सुट्टे पैसे टेबलावर टाकले आणि धूम ठोकली.

अकरा वाजता कारखान्यात मालकीणबाईंनी पाकीट फोडलं. पहिला कागद बघितला. उलटा करून बघितला. दुसरा खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"गुपित छान राखलंत हो," त्या म्हणाल्या. "अगदी माझ्यापासूनसुद्धा!"

दोन्ही कागद कोरे होते. सुताराला काचेवरचा कागद आठवला, आणि तो चित्र वर करून ठेवला होता तेही आठवलं. म्हणजे मूळ कागद अजून तिथेच! त्याने बाईंकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि भर बाजारातून पळत सुटला. रुमाल वाटेत कुठेतरी पडला, ते त्याला कळलंही नाही.

"अहो, होतात कुठे?" काकांनी त्याला शर्टावरून ओळखलं आणि कागद पुढे केला. "काचेवरच विसरून गेलात की!"

सुताराने कागद छातीशी धरला. जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. काका देवमाणूस होते, यात शंका नव्हती.

"कुणी... कुणी बघितला तर नाही ना?"

"तेच तर सांगतोय! नाव नाही, पत्ता नाही, मालक शोधायचा कसा? दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं आपल्याला जमत नाही. चित्र तर सुतारकामाचं दिसलं. मग काढल्या चाळीस प्रती आणि बाजारातल्या एकूण एक सुताराच्या हातात नेऊन ठेवल्या. हा कागद कुणाचा, म्हणून विचारत फिरलो."

सुतार बोटांवर बाजारातली दुकानं मोजू लागला.

"पण पायपीट वाया गेली नाही हं," काका अभिमानाने म्हणाले. "एका दुकानदाराने खूर बघितले आणि लगेच ओळखलं. म्हणाले, हे आमच्या साडूचं काम. फार भला माणूस! मी कागद देऊ केला तर घेईचना. म्हणाले, मूळ कागद त्यांचा त्यांना द्या, मला आपली प्रत पुरे."