आंबीलवाला वैद्य

रूपेशने रुमाल डोळ्यांखालपर्यंत ओढून घेतला आणि बाकड्यावर तोंड फिरवून बसला. शेजारी रुपी, सहावा महिना लागलेली. साखरशेतहून जव्हारचा दवाखाना जवळ पडला असता, पण तिथे त्याला कोण ओळखत नाही? म्हणून दोन जीप बदलून त्याने मोखाडा गाठलं होतं.

आठ दिवसांपूर्वी रुपी आईकडे आली असताना इथेच तिच्या रक्तात गरमीचा आजार, म्हणजे सिफिलिस, निघाला. प्रतिभा सिस्टरांनी तिला पहिली सुई तेव्हाच दिली. बरा होतो, घाबरू नको, पण पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, तेव्हा नवऱ्यालाही घेऊन ये, नाहीतर तुझ्या एकटीच्या सुया वाया जातील, असं त्यांनी बजावलं. रुपीने घरी येऊन ते शब्दाला शब्द सांगितलं. कुठून आणलास म्हणून तिने एकदाही विचारलं नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर रूपेशला बरं वाटलं असतं. लग्न तर अजून लागायचंच होतं. पोर झाल्यावर उन्हाळ्यात लावू म्हणून दोन्ही घरं निवांत होती, त्या भागात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आता हा रूपेश कोण, तर मोबाईलवरचा आंबीलवाला वैद्य. सव्वीस वर्षांचा गडी डोक्याला टॉवेल गुंडाळतो, हनुवटीला कापूस चिकटवतो आणि मांडी घालून बसतो. त्याचा दोस्त सोम्या रोगी होऊन विचारतो, वैद्यबुवा, निरोध वापरू का? वैद्य ढेकर देतो आणि म्हणतो, "कशाला रं त्ये रबर? वरून तांब्याभर नागलीची आंबील मार, आजार ढुंगणाला पाय लावून पळतोय." तीन लाख लोकांनी पाहिलं. बाजारात, जीपमध्ये, हळदीच्या मांडवात पोरं तेच बोलू लागली. ते खरं की खोटं, हे रूपेशने कधी मनावर घेतलं नाही. हसायला तेवढी चौकशी लागत नाही. भिवंडीला गोदामात कामाला होता तेव्हा एका रात्री बाईकडे जाताना बरोबरच्याने निरोधाचं पाकीट पुढे केलं, तर सगळ्यांनी मिळून त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. हसत हसत पाकीट परत खिशात गेलं.

"पाणी पायजे का?" त्याने रुपीला विचारलं.

तेवढ्या आवाजावरून समोरचा माणूस वळला. तेविशीतला, हातात रुपीच्यासारखीच दवाखान्याची चिठ्ठी. आधी डोळे बारीक केले, मग चेहरा उजळला आणि त्याने मोबाईल काढला. भावेश नाव, रस्त्याच्या कामावर होता. काल सिस्टरांनी त्याला हाच आजार सांगितला होता, बायकोलाही तपासायला आण म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून त्याला जेवण गेलं नव्हतं. हे त्याने एका दमात सांगून टाकलं. निरोधाचं कुणी म्हटलंही होतं, पण म्हटलं आंबील आहेच की, असंही सांगून तो स्वतःच हसला.

"तुमी इथं व्हिडिओ काढाय आलात ना?" तो म्हणाला. "मंग ही सगळी गंमतच. मी उगंच घाबरलो. जातो मी."

त्याने चिठ्ठीची घडी केली आणि खिशात घातली.

हो म्हटलं की संपलं होतं. रुमाल होताच. पण खिशात जाणारी ती घडी रूपेशने नीट पाहिली आणि त्याला भिवंडीतलं पाकीट आठवलं. त्याने रुमाल खाली ओढला.

"बस खाली. ती आंबील खोटी हाय. मला झालंय त्ये. हिला माझ्यापासनं झालं."

भावेश खो खो हसला. थांबा, म्हणाला, आणि मोबाईल समोर धरून परत बोला म्हणाला. रूपेश परत बोलला. भावेश आणखी हसला. सूर तोच, ठसकाही तोच, अगदी वैद्याचा. गंभीर गोष्टीसाठी रूपेशकडे दुसरा आवाजच नव्हता, बिचारा करणार काय?

आता शेवटी काय म्हणतो म्हणून भावेश थांबला, आणि हसायला जोडीला कुणी असावं तसा त्याने रुपीकडे पाहिलं.

रुपी पोटावर हात ठेवून रूपेशकडे बघत होती. त्याच्या तोंडून हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

भावेशचा मोबाईल हळूहळू खाली आला. त्याने खिशातली चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवून घडी मोडली आणि बाकड्याच्या टोकाला टेकला. आतून प्रतिभा सिस्टरांनी रुपीचं नाव घेतलं. बरोबरच्यालाही आत पाठवायला सांगितलं.

"सुई लय दुखते काय?" भावेशने खालच्या आवाजात विचारलं.

रूपेशच्या जिभेवर उत्तर आलं होतं, सगळं बाकडं हसलं असतं असं. त्याने ते गिळलं.

"दुखते," रुपी म्हणाली. "तरी घे." आणि उठण्यासाठी तिने रूपेशपुढे हात केला.